माझं नाव तिच्या खाली

आमच्या गावाचं नाव धाकटी डहाणू आणि मी घरातली थोरली सून. धाकट्या दिराने तलासरीची मुलगी लग्न करून आणली, तेव्हा शेजारीण म्हणाली, "आता काय, गावही धाकटीचं आणि घरही धाकटीचं!" सगळ्या हसल्या, मीही हसले. मला त्यात बोचण्यासारखं काही वाटलं नाही, कारण तेव्हा त्या घरात माझी जागा पक्की होती.

ती जागा मी सुक्या मासळीवर मिळवली होती. सासूबाई आयुष्यभर सुके बोंबील आणि जवळा घेऊन तलासरीच्या आठवडे बाजाराला जायच्या. त्यांचे गुडघे गेले, तशी टोपली माझ्या डोक्यावर आली. मला बाजारात ओरडायला जमायचं नाही, पण मासळी वाळवायचा हात चांगला होता. बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर टाकायचे, ते कुठल्या वाऱ्याला टाकायचे आणि कधी उतरवायचे, हे मला कुणी शिकवलं नाही. बघून बघून आलं. सोललेल्या कोळंबीचे सोडे तर असे व्हायचे की बाजारात बायका विचारायच्या, "त्या डहाणूवालीचे आहेत का?" साथीच्या दिवसांत बाजार बंद पडले, तेव्हा मी घरीच पाकिटं भरून ओळखीपाळखीत विकायला लागले. बोईसर, पालघर, पार बोरिवलीपर्यंत पाकिटं जायची. यांची बोट किनाऱ्याला असो नसो, चूल माझ्या पाकिटांवर चालते हे सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. ते ऐकायला मी मुद्दाम ओटीवर रेंगाळायचे.

मग ही आली. तिच्या वडिलांचं तलासरीला किराणा दुकान. दीर माझीच मासळी टेम्पोने बाजारात पोचवायचा, तिथे दोघांचं जमलं. तिच्या घरात मासे शिजत नव्हते. पहिल्या दिवशी मी तिला वलांड्या दाखवायला नेलं, तर हिने पदर नाकाला लावला तो घरी येईपर्यंत काढला नाही. खरं सांगते, मला त्या दिवशी फार बरं वाटलं. म्हटलं, ही काही आपल्या वाटेला यायची नाही.

आली, आणि तीही नाक धरूनच. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिने मोबाइलवर आमच्या मासळीचं पान उघडलं. सकाळच्या उन्हात वलांड्यांचे फोटो काढले. सोडे निवडताना माझे हात काढले, नुसते हात. खाली लिहिलं, "आमच्या मोठ्या ताईंच्या हातचे." लोकांना ते इतकं आवडलं की ऑर्डरी येऊन पडल्या. फोनवर ती गुजराती गिऱ्हाइकाशी गुजरातीत बोलायची, मुंबईवाल्याशी हिंदीत, आमच्याकडच्याशी आमच्यासारखं. जो पदार्थ तिने जिभेला लावला नव्हता, त्याची चव ती असं वर्णन करून सांगायची की माझ्याच तोंडाला पाणी सुटायचं. मी दिवसभर उन्हात आणि तिचा शब्द बाजारात. घरी कुणी पाहुणे आले की सासूबाई म्हणायला लागल्या, "बारकीने धंदा केला हो." केला. माझ्या मासळीवर केला, एवढं वाक्य त्या पुढे जोडतील म्हणून मी वाट बघायचे.

पुढे तिने वेबसाइट करून घेतली आणि लिंकचा प्रकार सुरू केला. ज्या बाईला आमची मासळी विकायची आहे, तिला स्वतःची एक लिंक मिळायची. तिने ती आपल्या ओळखीत पाठवायची. त्या लिंकवरून कुणी मागवलं की त्या किमतीतला ठरलेला वाटा त्या बाईचा. माल आम्ही पाठवायचा, पैसेही आम्हीच घ्यायचे, बाईने फक्त गिऱ्हाईक आणायचं. मला हे पटलं होतं. बाजारातसुद्धा कुणी गिऱ्हाईक आणून दिलं तर त्याच्या पिशवीत आपण मूठभर जवळा जास्तीचा टाकतोच की.

मलाही तिने लिंक करून दिली होती. ती माझ्याकडून फारशी पाठवली जायची नाही. कुणाला पाठवायची? सगळे तर माझे जुनेच होते, ते थेट फोन करायचे. निदान मला तसं वाटत होतं.

एकदा बोईसरच्या माझ्या सख्ख्या बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "सोडे पोचले गं. मस्त आहेत."

"कुठले सोडे?" मी विचारलं.

"अगं, तुमचेच. तुझ्या जावेने लिंक पाठवली होती, त्यावरून मागवले. दारात आले बघ."

"मला सांगायचंस ना. मी पाठवले असते."

"तू काय, विसरतेस. आणि तिने किती गोड मेसेज केला होता. माझ्या वाढदिवसाला पण करते ती."

मी फोन ठेवला. माझ्या बहिणीला, माझ्या हातचे सोडे, माझ्या जावेच्या लिंकवरून मिळाले होते. त्याचा वाटा जावेच्या खात्यात पडला, याचं मला काही नव्हतं, पैसे शेवटी एकाच घरात होते. पण बहिणीचा वाढदिवस हिला कसा कळला? मी त्या वर्षी विसरले होते.

त्या दिवसापासून माझ्या मनात जे सुरू झालं त्याला मी वेगवेगळी नावं देऊन बघितली. थकवा म्हटलं, ऊन बाधलं म्हटलं. पण तो मत्सर होता. तिच्या फोनची धून वाजली की मी उठून वलांड्यांकडे जायचे. ती हसत बोलत असेल तर मी भांडी जोरात घासायचे. तिने नवी साडी नेसली तर मला त्या साडीचा रंग दिवसभर दिसत राहायचा.

अशात तलासरीच्या शिवणक्लासच्या बाई आमच्याकडे आल्या. जावेने लग्नाआधी त्यांच्याकडे शिवण शिकलेलं. बाई पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी आमची लिंक घेतली होती आणि त्यांच्या क्लासमधल्या बऱ्याच बायकांना त्यांनी या कामाला लावलं होतं. तलासरीकडून ऑर्डरी अचानक का वाढल्या हे मला तेव्हा कळलं.

चहा झाल्यावर बाई म्हणाल्या, "मी या बायकांना आणलं. पण त्यांनी विकलं की वाटा त्यांना मिळतो, मला काहीच नाही. दुसरीकडे असं नसतं. तिथे मी आणलेल्या बाईने विकलं तर तिलाही मिळतं आणि वर मलाही थोडं मिळतं."

जाऊ लगेच म्हणाली, "ताई, मी तेच म्हणत होते तुम्हाला. आत्ता आपलं सिंगल लेव्हल आहे. आपण मल्टी लेव्हल करू."

मी म्हटलं, "मला समजेल असं सांग."

तिने स्वयंपाकघरातून वाट्या आणल्या आणि जमिनीवर मांडल्या. "ही एक वाटी मी. ही बाई. माझ्यामुळे आल्या, म्हणून माझ्या खाली. बाईंमुळे या चार जणी आल्या, त्या बाईंच्या खाली. आत्ता कसं आहे, या खालच्या वाटीने विकलं तर फक्त तिलाच. मल्टीमध्ये तिलाही, वर बाईंनाही थोडं, त्याच्यावर मलाही अगदी थोडं. मग प्रत्येकीला वाटतं, आपण आणखी जणी आणाव्यात. त्या आणखी आणतात. आपोआप पसरतं."

"आणि हे वरवरचं थोडं थोडं येणार कुठून? किंमत वाढवायची? की बोंबलाच्या पोटातून काढायचं?"

"जाहिरातीला आपण एक पैसा घालवत नाही ना, तो समजा यात गेला. आणि ताई, बाई दुपारभर त्या बायकांच्या डोक्याशी बसतात. फोटो कसा काढायचा, उत्तर कसं द्यायचं, सगळं शिकवतात. त्यांच्या मेहनतीचं काय?"

ते मला खोडता येईना. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी विचारलं, "यात मी कुठे?"

जाऊ उत्साहाने लॅपटॉप घेऊन आली. तिने सगळं आधीच करून बघितलं होतं. पडद्यावर झाडाच्या मुळांसारखं चित्र होतं. अगदी वर तिचं नाव. त्याच्या खाली बाईंचं. बाईंच्या शेजारी, त्याच ओळीत, माझं.

"तुमची लिंक मीच काढून दिली होती ना," ती म्हणाली, "म्हणून ते माझ्या खाली धरतं. ते काय, नुसतं कॉम्प्युटरचं आहे."

मी ते चित्र नीट बघितलं. वर ती होती आणि माझं नाव तिच्या खाली होतं. मी या घरात आले तेव्हा ती शाळेत असेल. या घरच्या आत्ताच्या सगळ्या वलांड्या माझ्या हातांनी बांधलेल्या. मी म्हटलं, "विचार करू," आणि वाट्या उचलून घासायला नेल्या. त्या स्वच्छच होत्या.

मला नाही म्हणायचं होतं, हे त्याच क्षणी ठरलं. फक्त नाही म्हणायला कारण हवं होतं.

ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. चारोटीला हायवेवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये अशाच साखळीने माल विकणाऱ्या लोकांची सभा होती, जावेला कुणीतरी बोलावलं होतं. ती म्हणाली, "ताई, चला, बघून तर येऊ. मग ठरवा." मी गेले. बाहेर ट्रक, आत थंडगार हॉल, खुर्च्यांना पांढरे कपडे घातलेले. मंचावर कोट घातलेला माणूस फळ्यावर गोल काढत होता. एका गोलाखाली दोन गोल, त्यांच्या खाली चार. तो दर वेळी विचारायचा, "किती झाले?" आणि हॉल ओरडून सांगायचा. कुठला माल विकायचा ते त्याने पूर्ण तासात मोजून एकदा सांगितलं, तेही फळ्यावरून नजर न काढता. माझी जाऊ वहीत काही लिहून घेत नव्हती, तिच्या कपाळाला आठी होती. ते मी बघितलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

चहाला बाहेर आलो तेव्हा माझ्या शेजारी गंजाडची एक बाई उभी होती. माझ्याएवढीच. घरची थोडी भाजीची शेती होती तिची. ती म्हणाली, "तू कुणाच्या खाली?"

"कुणाच्याच नाही. बघायला आले."

"मग बघून जा," ती म्हणाली. "मी माझ्या नणंदेला आणलं, मामेबहिणीला आणलं, शेजारणीला आणलं. सगळ्यांनी सुरुवातीचा माल घेतला. तो तसाच पडून आहे त्यांच्या घरात, माझ्याही आहे. आता लग्नाला गेले ना, की मला बघून बायका ताट उचलून दुसऱ्या पंगतीला जातात. त्यांना वाटतं, ही आता साखळीत यायला सांगेल." तिने चहा संपवला. "परवा चुलत्याच्या घरी खरंच नुसती भेटायला गेले होते, तर चुलती म्हणाली, आत्ता नको गं, पैसे नाहीत."

ती हे रडत सांगत नव्हती. पातेल्यातलं दूध उतू गेलं असं सांगावं, तसं सांगत होती. मला तिची खरंच कणव आली. आणि त्याच वेळी माझ्या मनात एक आवाज म्हणत होता, मिळालं. कारण मिळालं.

दोन-चार दिवसांनी सगळे जेवायला एकत्र बसलो असताना सासूबाईंनीच विषय काढला. "त्या तलासरीच्या बाईला काय सांगायचं? माल मोठीच्या हाताचा आहे, मोठीच ठरवेल."

यांनी आणि दिराने माझ्याकडे बघितलं. मी गंजाडच्या बाईचं सगळं सांगितलं. म्हटलं, "आपल्याकडे एकच पायरी राहील. जिने गिऱ्हाईक आणलं, तिला वाटा. पुढे कुणाच्या खाली कुणी नाही. मला माझ्या मासळीपायी कुणी लग्नाच्या पंगतीतून उठलेलं नको."

"शाबास," दीर म्हणाला. "वहिनीचं बरोबर आहे."

जाऊ म्हणाली, "ताई, चारोटीला जे होतं ते मलाही आवडलं नाही. तिथे माल कुणाला हवाच नव्हता. आपल्याकडे आधी काही विकत घ्यायला लावत नाही आपण. विकलं तरच वाटा. आपलं तसं झालं नसतं. दोनच पायऱ्या ठेवल्या असत्या."

"दोनाच्या तीन व्हायला किती वेळ लागतो?"

"तेही खरं." तिने भातावर आमटी घेतली. मग हळूच म्हणाली, "एवढंच कारण आहे ना, ताई?"

"अजून काय असणार?" मी म्हटलं.

तिने आमटीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "ठीक आहे. मी बाईंना कळवते."

शिवणक्लासच्या बाई रागावल्या. त्या आपल्या बायकांना घेऊन वापीकडच्या कुणा मसालेवाल्याच्या साखळीत गेल्या. तलासरीच्या ऑर्डरी थांबल्या. त्याच सुमारास जाऊ माहेरी गेली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, ते आधीपासून ठरलेलं होतं, पण मी मनाशी म्हटलं, रुसून गेली. तसं समजण्यात मला जिंकल्यासारखं वाटायचं. आणि तिचा धंद्याचा फोन माझ्याकडे आला.

मला वाटलं होतं, यात काय मोठंसं. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "जवळा आणि सुकट यात फरक काय?" मी लिहिलं, "खाऊन बघा." ते गिऱ्हाईक परत आलं नाही. एका बाईंनी आवाजी निरोप पाठवला, "त्या नेहमीच्या ताई नाहीत का? त्यांना सांगा, मुलीला मुलगा झाला." मी मुलीला ओळखत नव्हते, काय लिहावं कळेना. कुणाला वाळवलेली मांदेली हवी होती, तर कुणाला पार्सल ओलं झालं म्हणून परत करायचं होतं. आणि प्रत्येक जण शेवटी विचारायचा, "त्या ताई कधी येणार?" मी दर वेळी लिहायचे, "लवकरच." तो शब्द लिहिताना अंगठा दुखायचा.

सासूबाई वलांड्यांजवळ बसून एकदा म्हणाल्या, "बारकी नाही तर घर कसं मुकं वाटतं." मी बोंबील उलटवत होते. पाच-सहा माझ्या हातून वाळूत पडले.

शेवटी तलासरीच्या बाजाराचा दिवस बघून मीच गेले. दिराबरोबर टेम्पोत बसले, माल बाजारात उतरवला आणि तिच्या वडिलांच्या दुकानाकडे चालत गेले. मला तिची विचारपूस करायची होती की तिला रुसलेली बघायची होती, हे माझं मलाच माहीत नव्हतं.

ती गल्ल्यावर होती. बाजाराची गर्दी दुकानात घुसलेली. ती एका म्हाताऱ्या बाबांना तेल मोजून देत मराठीत घरचं विचारत होती, मागच्या बाईला गुजरातीत "बेसो, बेन" म्हणत स्टूल सरकवत होती, आणि एका ड्रायव्हरशी हिंदीत सुट्ट्या पैशांवरून भांडतही होती. तिघेही हसत होते. मी रस्त्यापलीकडे उभी राहून बघत होते. इतकी वर्षं मी त्याच बाजारात बसले, पण माझ्याकडे माणसं मासळीसाठी यायची. हिच्याकडे माणसं तिच्यासाठी येत होती. ते मला कधीच येणार नव्हतं, आणि ती ते शिकलीही नव्हती. तिच्यात ते होतंच. हे कळलं तेव्हा मला राग आला नाही. नुसतं रिकामं वाटलं.

तिने मला बघितलं आणि वडिलांना गल्ल्यावर बसवून धावत आली. "ताई! तुम्ही? आधी चहा घ्या. आणि मग माझ्याबरोबर चला."

तिने मला शिवणक्लासला नेलं. पत्र्याच्या लांबट खोलीत यंत्रं खडखडत होती. बाईंनी मला बघून फक्त मान हलवली. जाऊ म्हणाली, "बाई, ताईंना तुमचं म्हणणं तुम्हीच सांगा. माझ्यामार्फत नको."

बाई म्हणाल्या, "मला तुमच्या मासळीवर आयुष्यभर वाटा नको होता हो. मला एवढंच हवं होतं, की मी यांना शिकवते ते काम आहे असं कुणीतरी म्हणावं. यांतल्या निम्म्यांना फोनमध्ये फोटो कुठे जातो तेही माहीत नव्हतं. मी माझी शिवणाची कामं बाजूला ठेवून शिकवलं. तुम्ही म्हणालात, कुणाच्या खाली कुणी नाही. छान वाटलं ऐकायला. पण माझी दुपार कुठे गेली?"

यंत्रांचा आवाज चालू होता. मी उत्तर शोधत होते. मला ते दिसायलाही लागलं होतं, अर्धवट. की शिकवणं वेगळं आणि विकणं वेगळं. मी तोंड उघडणार, एवढ्यात जाऊ म्हणाली, "वाटा एकाच पायरीचा ठेवू. ताईंचं ते बरोबरच आहे. पण बाई शिकवतील त्याची मजुरी देऊ, क्लासची फी देतात तशी. शिकवलं तेवढ्याची. पुढे ती बाई विको न विको, त्याच्याशी बाईंचा संबंध नाही. कुणी कुणाच्या विक्रीवर डोळा ठेवायचा नाही."

बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "हे चालेल," त्या म्हणाल्या. आणि मग दोघींनी माझ्याकडे बघितलं.

किती साधं होतं ते. मला सुचायला श्वासभर वेळ हवा होता, तेवढ्यात तिने ते बोलून टाकलं. माझ्या हट्टालाही तिने त्यात अशी मानाची जागा दिली होती की मला नाही म्हणता येईना. "चालेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कोरडा वाटला.

त्यानंतर ती घरी परत आली. बाईंच्या बायकांपैकी बऱ्याच आमच्याकडे वळल्या. काही त्या मसालेवाल्याकडेच राहिल्या, आणि एकीचं तिथे चांगलं चाललंय असंही ऐकते. तेव्हा आमची रीत खरी आणि बाकी सगळे बुडाले, असं काही मी सांगणार नाही. आमच्याकडे विक्री हळूहळू वाढली. मल्टीने वाढली असती तशी भराभर नाही. पण कुणी मध्येच पळून गेलं नाही. पावसाळ्यात वाळवण बंद असतं तेव्हाही बायका नुसत्या चौकशीला फोन करतात. अर्थात, जावेला.

गेल्या हिवाळ्यात घोलवडच्या काही बायकांनी आम्हाला बोलावलं. त्या चिकूचे काप वाळवून विकतात, आणि त्यांनाही लिंकने विक्री सुरू करायची होती. एक पायरी ठेवावी की अनेक, यावरून त्यांच्यात दोन तट पडले होते. वाडीत सतरंजी टाकली होती. आम्ही दोघी पुढे बसलो. मी मनात तयारी करून गेले होते. गंजाडच्या बाईचं सांगायचं, किमतीचं सांगायचं. इथे तरी मी बोलणार होते.

पण त्यांनी आधी जावेला विचारलं, कारण फोनवर तिच्याशीच बोलणं झालं होतं. ती उठली आणि म्हणाली, "मी तर तीन-तीन थर लावायला निघाले होते. आमच्या ताईंनी थांबवलं. त्या म्हणाल्या, थर वाढले की बाई मालाकडे बघायचं सोडते आणि माणसांकडेच माल म्हणून बघायला लागते. ते ऐकलं आणि मी गप्प झाले."

बायकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. पुढे बसलेली एक जण पुन्हा तेच वाक्य हळूच म्हणून बघत होती.

मी असं कधीच म्हटलं नव्हतं. त्या जेवणाच्या वेळी माझ्या डोक्यात फक्त पडद्यावरचं ते चित्र होतं. हे वाक्य तिचं होतं, तिनेच घडवलेलं, आणि भर सभेत माझ्या नावावर करून ती शांत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर उपकाराचा लवलेश नव्हता. आणि मी, टाळ्या माझ्यासाठी वाजत असताना, तिच्यावर जळत होते. तिची तीन भाषांतली बडबड, तिच्या साड्या, माझ्या बहिणीचा वाढदिवस, हे सगळं मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण इतकं मोठं मन तिला कुठून मिळालं? स्वतःचं चांगलं वाक्य असं सहज दुसऱ्याला देऊन टाकता येतं, हे तिला कुणी शिकवलं?

"ताई, बोला ना तुम्ही," ती म्हणाली.

मी उठले. तयारी केलेलं सगळं विसरले. "ही सांगते ते बरोबर आहे," एवढंच म्हटलं आणि बसले. त्यांनी एकच पायरी ठेवायचं ठरवलं.

रिक्षातून परत येताना तिने विचारलं, "मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही," मी म्हटलं. "चांगलं बोललीस."

ती माझ्या खांद्याला टेकून झोपली. तिच्या केसांना आता बोंबलाचा वास येतो, तिला कळत नाही.

आता घोलवडहून, बोर्डीहून बायका येतात आणि मला विचारतात, "ते वाक्य तुमचंच ना, ताई?" जाऊ बाजूलाच असते, पाकिटांवर पत्ते चिकटवत. वर बघत नाही.

मी म्हणते, "हो. माझंच."